चाळिशीनंतरचें वाचन

मराठी भाषेनें वयाच्या एका टप्प्याला आणि डोळ्यांवरील एका उपकरणाला एकच नांव दिलें आहे. अमक्याला चाळिशी लागली असें म्हटलें म्हणजे तो किती वर्षांचा झाला हें जसें कळतें, तसेंच त्याला आतां वर्तमानपत्र हात लांब करून धरावें लागतें हेंही कळतें. डोळ्यांतील भिंग वयाबरोबर ताठर होत जातें, जवळची वस्तु पाहण्यासाठीं त्याला पूर्वींसारखा फुगवटा घेतां येत नाहीं, आणि मग डोळ्याचें काम कांचेकडून करून घ्यावें लागतें. इतकी ही साधी गोष्ट आहे. चष्मेवाल्याच्या दुकानांत अर्धा तास घालविला कीं तिचें निवारण होतें. परंतु त्याच सुमारास वाचकाच्या मनांत दुसरा एक पालट होऊं लागतो. त्याला मराठींत नांव नाहीं, व कोणत्याही दुकानांत त्याचा उपाय मिळत नाहीं. अक्षर स्पष्ट दिसतें, वाक्य समजतें, पुस्तक संपतें, आवडतेंही. आणि सहा महिन्यांनीं कोणीं त्याची गोष्ट विचारली, तर सांगण्यासारखें फारसें हातीं लागत नाहीं.

आम्ही गेलीं तीस वर्षें महाविद्यालयांत वाङ्मय शिकवीत आलों आहों; त्यामुळें वाचन हा आमचा छंदही आहे आणि धंदाही. समवयस्क मंडळी जमली कीं गुडघ्यांच्या खालोखाल आतां हाच विषय निघतो. एक म्हणतो, कादंबरी ठेवल्याबरोबर नायकाचें नांव जातें. दुसरा म्हणतो, पुस्तक अर्धें झाल्यावर तें पूर्वीं वाचल्याचें ध्यानांत येतें. तिसरा म्हणतो, रहस्यकथा वाचणाऱ्यानें याबद्दल देवाचे आभारच मानले पाहिजेत, कारण बाबूराव अर्नाळकरांचा खुनी दर पांच वर्षांनीं नव्यानें सांपडतो. हंशा होतो, पण त्या हंशाच्या तळाशीं थोडी धास्ती असते आणि ती प्रत्येकाला ठाऊक असते. ज्यानें जन्मभर पुस्तकांवर पैसा, वेळ आणि डोळे खर्च केले, त्याला उतारवयांत असा प्रश्न पडल्यावांचून राहत नाहीं कीं, हें सारें गेलें कोठें? आणि जें राहणारच नाहीं तें यापुढें वाचावें तरी कशासाठीं?

या तक्रारीची दुसरी बाजू अशी कीं, लहानपणीं वाचलेलें मात्र जसेंच्या तसें शाबूत आहे असें सर्वांस वाटतें. आमच्या पिढीला ‘चांदोबा’ व ‘किशोर’ या दोन मासिकांनीं वाढविलें. ‘चांदोबा’ मराठींत १९५२ पासून निघूं लागला व ‘किशोर’ १९७१ पासून. त्यांतील वेताळ, विक्रमाचें मौन सुटतांच त्याचें झाडाकडे उडून जाणें, त्या चित्रांतील वाकडे वृक्ष, हें सर्व आम्हांस आज डोळे मिटून पाहतां येतें. उलट गेल्या दिवाळींत ज्या कादंबरीची आम्हीं दहा जणांपाशीं शिफारस केली, तिचा शेवट आठवण्यासाठीं आम्हांस कपाटाकडे जावें लागतें. यावरून पुष्कळ लोक असा निष्कर्ष काढतात कीं, मन हें मातीसारखें आहे. ओलें असतां ठसा उमटतो, वाळल्यावर उमटत नाहीं.

हा निष्कर्ष आम्हांस घाईचा वाटतो. विसरणें हा कांहीं म्हातारपणाचाच मक्ता नव्हे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानें १८८५ मध्यें आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत परीक्षक तोच व परीक्षार्थीही तोच. अर्थहीन अक्षरगट पाठ करावे आणि कांहीं वेळानें ते पुन्हां पाठ करण्यास किती श्रम वांचतात तें मोजावें, असा त्याचा क्रम होता. एका तासाच्या आंत निम्म्याहून अधिक घडी मोडते, पुढें मात्र विसरण्याचा वेग मंदावत जातो, असें त्यास आढळलें. हे प्रयोग करीत असतां तो तिशीच्या आसपासचा होता, ही गोष्ट आमच्या मंडळींनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पुढें शंभर वर्षांनीं, १९८६ च्या सुमारास, दुसरी एक गोष्ट संशोधकांच्या नजरेस आली व ती वारंवार पडताळून पाहण्यांत आली आहे: पन्नाशी उलटलेल्या माणसांस आयुष्यांतील आठवणी सांगावयास लावल्या, तर दहाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंतच्या आठवणी प्रमाणाबाहेर निघतात. त्या काळांत बहुतेक गोष्टी प्रथमच घडत असतात आणि आपण कोण हें त्याच काळांत ठरत असतें, अशीं त्याचीं कारणें देतात. तीं खरींही असतील. परंतु वाचनाच्या बाबतींत आम्हांस आणखी एक अगदीं घरगुती कारण दिसतें. लहानपणीं पुस्तकें थोडीं होतीं व सुट्टी मोठी होती. ‘चांदोबा’चा एक अंक दुसरा येईपर्यंत आठ वेळां वाचून होई, भावंडांत त्यावरून भांडणें होत, रात्रीं अंथरुणांत त्यांतील गोष्ट एकमेकांस सांगितली जाई. आज आम्ही प्रत्येक पुस्तक एकदांच वाचतों, तेंही पुढील पुस्तकावर एक डोळा ठेवून. आठ वेळां वाचलेलें राहिलें आणि एकदां वाचलेलें गेलें, यांत वयाकडे दोष किती जातो व वाचण्याच्या रीतीकडे किती, याचा हिशेब आधीं केला पाहिजे.

शिवाय जें शाबूत आहे असें आपण म्हणतों, तें खरोखरच शाबूत असतें काय? केंब्रिज येथील फ्रेडरिक बार्टलेट यांनीं १९३२ सालीं स्मरणावर एक ग्रंथ लिहिला. त्यांनीं उत्तर अमेरिकेंतील आदिवासींची एक भुतांच्या युद्धाची गोष्ट इंग्रज विद्यार्थ्यांस वाचावयास दिली व ती पुन्हां पुन्हां, कधीं दिवसांनीं तर कधीं महिन्यांनीं, लिहून मागितली. गोष्ट लहान होत गेली, हें तर झालेंच. पण ती इंग्रजही होत गेली. लांकडी कनूची साधी होडी झाली, सील माशांच्या शिकारीला निघालेले तरुण नुसतेच मासे धरूं लागले, जें विचित्र होतें तें गळालें किंवा त्याला कांहीं तरी समजण्याजोगें कारण येऊन चिकटलें. आठवणें म्हणजे कोठारांतून माल काढणें नव्हे, तर उरल्यासुरल्या सामानांतून पुन्हां घर बांधणें होय, असा त्यांच्या सांगण्याचा मतलब आहे.

याची प्रतीति पाहण्यास आम्हां मराठी वाचकांस दूर जाण्याचें कारण नाहीं. साने गुरुजींनीं ‘श्यामची आई’ हें पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें. १९३५ सालीं तें प्रसिद्ध झालें. पुस्तक सर्वांचें वाचलेलें. त्यांत काय आहे म्हणून विचारलें, तर दहांतले आठ जण दोन गोष्टी सांगतील: पोहावयास भिणाऱ्या श्यामला आईनें शिंपटीनें झोडपून विहिरीवर धाडलें ती, आणि न्हाऊन आल्यावर तळव्यांना माती लागूं नये म्हणून श्यामनें हट्ट धरला व आईनें आपलें लुगडें पसरून दिलें ती. आमच्याही स्मरणांत चाळीस वर्षें एवढेंच पुस्तक होतें. अलीकडे तें पुन्हां हातीं घेतलें तेव्हां आम्हांस दिसलें कीं, हें पुस्तक आरंभापासून शेवटापर्यंत एका कर्जाची हकीकत आहे. प्रतिष्ठित घराण्याची शेतीवाडी कशी जाते, सावकाराचा माणूस दारांत येऊन काय बोलतो, घराबाहेर निघण्याची पाळी आल्यावर घरच्या बाईचें मन कसें खचतें, तिच्या दुखण्याला औषध काय आणि अन्न काय मिळतें, हें सर्व त्यांत स्पष्ट लिहिलेलें आहे. दहाव्या वर्षीं आम्हीं तें वगळून वाचलें असें नव्हे. डोळ्यांखालून तें प्रत्येक वेळीं गेलेंच असलें पाहिजे. पण ज्याच्या नांवावर कधीं कर्ज नव्हतें, त्याच्या मनांत तीं पानें टिकावीं कशीं? घरासाठीं काढलेल्या कर्जाचे हप्ते वीस वर्षें फेडल्यावर तीं पानें ठळक अक्षरांत छापल्यासारखीं दिसूं लागतात.

आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. श्यामची आई आमच्या मनांत नेहमीं पोक्त, वयस्क अशी उभी असे. परंतु ती गेली तेव्हां श्यामचें शाळेंतील शिक्षणही पुरें झालें नव्हतें. म्हणजे तिचें वय आमच्या आजच्या वयाहून पुष्कळच कमी असलें पाहिजे. ज्या स्त्रीपुढें दहाव्या वर्षीं आम्ही मान खालीं घालून उभे होतों, ती आतां आम्हांस थकलेली, गांजलेली एक तरुण बाई दिसते आणि तिच्याविषयीं वडीलपणाची कींव वाटते. पुस्तकांतील माणसांना वय चढत नाहीं. वाचक त्यांना मागें टाकून पुढें जातो.

वाचकाची सहानुभूति जागा बदलते, हें तर अभ्यासाच्या पुस्तकांतही दिसतें. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ची आमची विद्यार्थिदशेंतील प्रत अजून आमच्यापाशीं आहे. तींत पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या बहुतेक सर्व कॉर्डेलियाच्या बोलण्याशेजारीं. विसाव्या वर्षीं आम्ही तिच्या बाजूचे होतों. खरें बोलावें, तोंडपूजेपणा करूं नये आणि परिणाम भोगावा, एवढेंच आम्हांस त्या नाटकांत दिसलें. राजाच्या पदरीं शंभर सरदार असावे कीं पन्नास, कीं पंचवीस, याबद्दल बापलेकींची जी घासाघीस चालते तीं पानें अगदीं कोरीं आहेत. आज तीं पानें आम्हांस शिकवितांना जड जातात. कामावरून निवृत्त झालेल्या माणसाला घरांत किती जागा, किती शब्द, किती पाहुणे यांचा हक्क उरतो, हा प्रश्न तेथें आंकड्यांनीं मांडलेला आहे. आणि गंमत अशी कीं, वयोमानानें केवळ म्हाताऱ्याचाच पक्ष घेतला जातो असेंही नव्हे. शंभर दांडगे लोक घरांत जेवावयास असले म्हणजे घर चालविणारीची काय दशा होत असेल, हेंही आतांच दिसूं लागतें. मराठी मध्यमवर्गानें हें नाटक आपल्यापुरतें समजून घेतलें तें वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मुळें. डिसेंबर १९७० मध्यें त्याचा पहिला प्रयोग झाला. अप्पासाहेब बेलवलकरांची भूमिका डॉ. श्रीराम लागूंची होती. जिवंतपणीं घर मुलांच्या नांवावर करूं नये, एवढा एकच बोध घेऊन नाट्यगृहाबाहेर पडलेले सद्गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. त्यांना हंसण्याचें आमचें वय आतां राहिलें नाहीं.

तात्पर्य, उतारवयांत गोष्टीचें सूत्र हातांतून सुटत असलें, तरी गोष्टीचें मर्म हातीं येण्याचा तोच काळ असतो. संशोधकही सांगतात कीं, वाढत्या वयांत नांवें, क्रम, तपशील हीं लवकर निसटतात. परंतु शब्दांचें भांडार साठीच्या घरापर्यंत बहुधा वाढतच असतें आणि गोष्टीचा आशय सांगण्यांत वृद्ध तरुणांच्या फारसे मागें राहत नाहींत. साठी आणि बुद्धि नाठी या म्हणीला उत्तर द्यावयाचें तर आम्ही लक्ष्मीबाई टिळकांचें नांव घेऊं. त्यांचा जन्म १८६८ चा. ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांच्या यजमानांनीं १८९५ सालीं धर्मांतर केलें व त्यापुढें कांहीं वर्षें उभयतांची ताटातूट झाली. तो प्रसंग घडत असतां त्यांना हंसूं आलें असेल असें कोण म्हणेल? परंतु चाळीस वर्षांनीं त्याच दिवसांबद्दल लिहितांना त्यांची लेखणी रडतां रडतां हंसते आणि वाचकालाही तसेंच करावयास लावते. हें काम पंचविशींतील तल्लख स्मरणशक्तीला झालें नसतें. त्याला काळाचें अंतर लागतें.

असें असलें तरी झीज ही झीजच आहे आणि तिच्याकडे पाठ फिरविणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. आमच्या मातोश्रींपाशीं गोष्टींचा मोठा सांठा होता. श्रावणांतल्या शुक्रवारीं हातांत तांदळाचे दाणे घेऊन आम्ही भावंडें जिवतीची कहाणी ऐकत असूं. ती छापील कहाण्यांच्या पुस्तकांतही सांपडते. पण कांहीं गोष्टी कोणत्याच पुस्तकांतल्या नव्हत्या. त्यांपैकीं एक होती बोलणाऱ्या विहिरीची. धाकटी सून मध्यरात्रीं विहिरीवर जाते, दोर आंत सोडते आणि एकच प्रश्न तीन वेळां विचारते; विहीर तीन वेळां निरनिराळें उत्तर देते. जोंवर घरांत नातवंडें होतीं तोंवर ही गोष्ट महिन्यांतून एकदां तरी सांगितली जात असे. पुढें नातवंडें शिकावयास बाहेरगांवीं गेलीं, संध्याकाळीं घर शांत झालें, आणि गोष्टी सांगणें थांबलें. शेवटल्या दोन-तीन वर्षांत आम्ही ती गोष्ट पुन्हां विचारूं लागलों तेव्हां त्यांना सून आठवे, दोर आठवे, पहिलीं दोन उत्तरें आठवत. तिसरें उत्तर येत नसे. “अरे, फार चांगलें होतें तें,” एवढेंच त्या म्हणत. त्यांच्या पश्चात् आम्हीं भावंडांनीं आपापलीं तिसरीं उत्तरें ताडून पाहिलीं, तर तीं चौघांचीं चार निघालीं, आणि प्रत्येक उत्तर ज्याच्या त्याच्या स्वभावाला शोभेल असें. बार्टलेट यांना त्यांत नवल वाटलें नसतें. खरें उत्तर कोणतें तें आतां जगांत कोणालाच ठाऊक नाहीं.

ती गोष्ट वयानें नेली, असें आम्ही पुष्कळ दिवस समजत होतों. परंतु २००२ मध्यें प्रसिद्ध झालेला एक अमेरिकेंतील प्रयोग वाचनांत आला, त्यानें आम्हांस विचार करावयास लावलें. तरुण व वृद्ध अशा दोन्ही वयांच्या स्त्रियांस एक गोष्ट शिकावयास देण्यांत आली. कांहींना ती परीक्षकासमोर सांगावयाची होती, कांहींना एका लहान मुलाला. परीक्षकासमोर वृद्ध स्त्रियांना तरुणींपेक्षां कमी आठवलें; परंतु मुलाला सांगावयाची म्हणून शिकलेल्या वृद्ध स्त्रियांना तरुणींच्या बरोबरीनें आठवलें. समोर बसणारें मूल मिळालें कीं स्मरणाला पाय फुटतात, असा याचा अर्थ. आमच्याकडील जुन्या लोकांना हें प्रयोगाशिवाय कळलें होतें. कीर्तनकाराला शेंकडों आख्यानें मुखोद्गत असतात तीं समोर श्रोता असतो म्हणून. चातुर्मासांत श्रीधराचा ‘पांडवप्रताप’ किंवा ‘हरिविजय’ घरोघर वाचला जाई तेव्हां दरवर्षीं तोच ग्रंथ, तेच प्रसंग, आणि पुढें काय होणार हें माजघरांतल्या प्रत्येक म्हातारीला ठाऊक असे. कोणीही म्हणत नसे कीं हा ग्रंथ माझा वाचून झाला आहे. वाचून झालें ही कल्पनाच आपल्याकडे उशिरा आली. पारायण या शब्दांत पुनःपुन्हां वाचण्याची जी अपेक्षा आहे, तिच्यामागें केवळ पुण्याचा लोभ नव्हता. माणूस विसरणारा प्राणी आहे आणि वयाबरोबर त्याला त्याच ओळींत नवें दिसतें, ही जाणही तिच्यामागें असली पाहिजे.

यावरून आम्हीं आपल्यापुरते दोन-तीन निश्चय केले आहेत. ते वाचकांपुढें ठेवण्यास हरकत नाहीं. महिन्याला दोन पुस्तकें या प्रमाणानें पुढील वीस वर्षें डोळ्यांनीं साथ दिली, तर एकंदर ४८० पुस्तकें वाचून होतील. आमच्या घरांत न वाचलेलीं पुस्तकेंच याहून फारशीं कमी नाहींत. हा आंकडा प्रथम काढला त्या रात्रीं आम्हांस नीट झोंप लागली नाहीं. आतां त्या ४८० पैकीं निम्मीं जुन्या पुस्तकांसाठीं राखून ठेवलीं आहेत. नवें पुस्तक वाचलें तर तें संपल्यावर लगेच दुसरें न उघडतां घरांतल्या कोणाला तरी त्याची गोष्ट सांगावयाची, असा दुसरा नियम. ऐकणारा कंटाळला तर गोष्ट कोठें पातळ आहे तेंही कळतें. तिसरा नियम असा कीं, नांव आठवलें नाहीं म्हणून जिवाला लावून घ्यावयाचें नाहीं. नांवें छापलेलीं आहेत, तीं कोठें पळून जात नाहींत. जें छापलेलें नाहीं तें मात्र ऐकणाऱ्याच्या हवालीं लवकर केलेलें बरें, एवढें त्या विहिरीनें आम्हांस शिकविलें आहे.

राहतां राहिला तो विस्मरणाचा मूळ प्रश्न: जें आठवत नाहीं तें वाचावें कशासाठीं? गेल्या पन्नास वर्षांत जेवलेलीं जेवणें आम्हांस आठवत नाहींत. पण त्यांच्याच बळावर आम्ही उभे आहों. पुस्तकांचेंही कांहींसें तसेंच असावें. श्यामच्या आईची कींव आज आम्हांस येते, ती मधल्या काळांत वाचलेल्या आणि साफ विसरलेल्या शेंकडों दुःखांनीं मन मऊ करून ठेवलें म्हणूनही येत असेल.

परवां वर्गांत एका विद्यार्थ्यानें सांगितलें कीं, ‘किंग लिअर’ त्याला मुळींच आवडलें नाहीं. म्हातारा हेकट आहे आणि शंभर माणसें पाहिजेतच कशाला, असें त्याचें म्हणणें. मुलगा हुशार आहे, बोलला तें मनापासून बोलला. आम्हीं त्याच्याशीं वाद घातला नाहीं. पुस्तक विकूं नको, जपून ठेव, आणि ज्या पानांवर आज खूण करावीशी वाटत नाहीं तीं तशींच कोरीं राहूं दे, एवढेंच सांगितलें. त्याला अजून तीस वर्षें अवकाश आहे.